कड्याच्या अलीकडे

हट्टाने तळमजल्यावर घर घेणारा माणूस दरीच्या काठी तंबूत राहायला कसा जायचा, असं लोक मला अजून विचारतात. मध्यंतरी तुमच्या मावसभावाने विचारलं. समाचाराला आलेली माणसं बसली होती, खोलीत उदबत्तीचा वास होता, बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं, आणि त्यांना एकदम आठवलं. "काय हो वहिनी, मनोहरला उंचीचं भय ना? मग तो कड्यावर वगैरे कसा जायचा?" मी म्हटलं, "ते कड्यावर जात नसत. कड्याच्या अलीकडे जात." सगळे हसले. मग आपण कुठे बसलोय ते आठवून एकेक जण गप्प झाला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हसा हो, मी काही ऐकत नाहीये."

अहो, तुम्ही ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. तुम्ही पेपरात डोकं घालून बसायचात आणि मी बोलत राहायचे, ही आपली जुनी पद्धत. आता फरक एवढाच, की मधून पान उलटल्याचा आवाज येत नाही.

तुमचं भय हा आपल्या घरातला चौथा माणूस होता. तुम्ही, मी, मुक्ता आणि ते. बल्ब गेला की स्टुलावर मी चढायचे. तुम्ही स्टूल घट्ट धरायचात आणि जमिनीकडे बघत राहायचात. रिक्षा उड्डाणपुलावर चढली की तुमचं बोलणं वाक्याच्या मध्यावर थांबायचं आणि पूल उतरल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर घर सोडून आपण तळमजला घेतला. डास घेतले, पार्किंगमधले हॉर्न घेतले, स्वयंपाकघराच्या खिडकीवर येणारे क्रिकेटचे चेंडू घेतले. त्यावरून मी तुम्हाला आयुष्यभर बोलले, आणि तुम्ही आयुष्यभर एकच उत्तर दिलंत. "भूकंप झाला तर आभार मानशील." मुक्ताने अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलात. गुरुजींना वाटलं, काही व्रत असेल.

आणि मी ही अशी. शाळेत भूगोल शिकवला. वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने सह्याद्री काढला, पूर्वेकडे हळूहळू उतरणारा, पश्चिमेकडे एकदम तुटलेला. 'इथे देश संपतो, खाली कोकण,' असं मुलांना सांगायचे. स्वतः मी तो संपताना पाहिला होता तो फक्त सहलीच्या बसच्या खिडकीतून, तेही मागच्या बाकावर कोणाला उलटी होतेय का याच्याकडे एक डोळा ठेवून. निवृत्त झाले आणि त्याच सुमारास एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं, की मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या बाजूला, पठाराच्या अगदी टोकाच्या वाडीत पारूबाई नावाच्या एक बाई आपल्या शेतात चार तंबू लावतात. चुलीवरचं जेवण. मोबाइलला रेंज नाही. शेत संपलं की थोडा गवताळ माळ आणि माळ संपला की दरी.

मी दुकानात येऊन तुम्हाला ते सांगितलं. नारायण पेठेतलं तुमचं ते चष्म्याचं दुकान, जिथे दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. तुम्ही कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता.

"तंबूत?" तुम्ही मान वर न करता म्हणालात. "मी काय लष्करात आहे?"

"मी एकटी जाईन."

"जा की."

मी पायरी उतरले. मागून आवाज आला, "किती आत आहे?"

"काय?"

"तंबू. कड्यापासून."

गाडी मीच चालवली, कारण घाटात तुम्ही चालवणं शक्य नव्हतं. चांदणी चौक गेला, पिरंगुट गेलं, पौड गेलं, मुळशीचं पाणी डोंगरांच्या मधून वळणावळणाने सोबत येऊ लागलं. तुम्ही मागच्या सीटवर बसला होतात, डोंगराच्या बाजूला. मग रस्ता वळला आणि दरी तुमच्या बाजूला आली. "जरा थांबव," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, पाय मोकळे करायचे असतील. तुम्ही उतरलात, गाडीला वळसा घातलात, दुसऱ्या दाराने आत बसलात आणि म्हणालात, "चल." वाडी येईपर्यंत असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला झालं. नंतर नंतर तर मी न सांगताच थांबायचे.

त्या पहिल्या संध्याकाळी पारूबाई आपल्याला कडा दाखवायला निघाल्या. तुम्ही चार पावलं आलात, हिरड्याच्या झाडापाशी थांबलात आणि म्हणालात, "तुम्ही दोघी जाऊन या. मी आहे इथे, सामान बघतो." सामान म्हणजे एक पिशवी होती आणि ती बघायला पारूबाईंचा कुत्रा होता.

मी गेले. गवत संपलं, काळा खडक लागला, आणि खडकही संपला. अहो, मी फळ्यावर ती रेघ इतक्या वेळा ओढली होती, पण तिच्या पलीकडे इतकी हवा असते हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. समोर दरीची दुसरी भिंत, थरावर थर, जणू कोणी चादरींच्या घड्या रचून ठेवल्यात. खाली एक ओढा होता, पण तो दिसत नव्हता, त्याचा आवाज तेवढा वर येत होता, आणि तोही झोपेत कोणी कूस बदलावी तसा मधूनच. पाकोळ्या माझ्या पायांच्या खाली उडत होत्या. पक्ष्यांच्या पाठी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. सूर्य समोरच्या भिंतीमागे उतरत गेला, दरी खालून निळ्याने भरत आली, आणि ती निळाई माझ्या पायांशी पोचेपर्यंत मी तिथून हलले नाही.

परत आले तर तुम्ही विचारलंत, "काय, आहे का जागेवर?"

"काय?"

"दरी."

"आहे."

"मग झालं तर."

पण जेवताना तुम्हीच पुन्हा विषय काढलात. समोरची भिंत किती लांब, पाणी कुठून येतं, खाली गाव दिसतं का. मी सांगत गेले. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. मी शाळेत इतकं चांगलं कधी शिकवलं नाही. तेव्हापासून आपलं ठरूनच गेलं. दसऱ्याच्या आधी एकदा आणि थंडी सरताना एकदा आपण जायचो. मी कड्यावर जाऊन यायचं, तुम्ही अलीकडे थांबायचं, आणि मी येऊन सांगायचं.

आता त्या सगळ्या खेपा माझ्या मनात एकमेकींत मिसळल्यात. तंबूच्या कापडावर पडलेल्या दवाच्या थेंबांतून येणारा पहाटेचा करडा उजेड आठवतो, पण तो कोणत्या वर्षीचा ते सांगता येत नाही. तुम्ही डोक्याला मफलर गुंडाळून चुलीपुढे बसलेले दिसता, धूर तुमच्याकडे येतोय, तुम्ही जागा बदलता, धूरही बदलतो. कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकून तुम्ही म्हणता, "हा कुणाच्या तरी मुलाला बोलावतोय." दुपारी झाडाखाली आपण दोघं आडवे पडलोय, माझ्या पोटावर पुस्तक आहे, तुमच्या तोंडावर टोपी, आणि माळावरून येणारा वारा टोपीची कड हळूच उचलून पुन्हा ठेवतोय. घरी आपल्याला असं कधी निवांत पडलेलं आठवत नाही. घरी कुकर असतो, दूधवाला असतो, कोणीतरी दार वाजवतं. तिथे आपण दोघं नुसते होतो. पाण्यात बुडवून ठेवलेल्या बटाट्यांसारखे, असं तुम्ही एकदा म्हणालात. मी म्हटलं, याच्यापेक्षा बरी उपमा सुचली नाही का? तुम्ही म्हणालात, चष्मेवाल्याकडून एवढीच मिळते.

एका गोष्टीवरून मात्र आपण भांडत राहिलो. ते भांडण मिटलं नाही आणि आता माझ्या एकटीकडेच राहिलंय, म्हणून ते नीट आठवून बघते.

सोनकी फुलली होती. सगळा माळ पिवळा झाला होता, कड्यापर्यंत, कड्याच्या कडेवरसुद्धा. तुम्ही झोपला होता. मी सकाळी उजाडताच निघाले, कारण सूर्य आपल्या मागून उगवतो आणि त्याचं पहिलं ऊन समोरच्या भिंतीच्या माथ्यावर पडतं, ते मला बघायचं होतं. मी खडकावर पोचले. ऊन आलंही. आणि मग खालून, दरीच्या तोंडातून, धुकं वर आलं. दुधाला उतू येताना बघतो ना आपण, तसं. आधी सावकाश, मग एकदम. समोरची भिंत गेली, हिरड्याचं झाड गेलं, मग माझे स्वतःचे पाय गेले.

अशा वेळी काय करायचं ते मी वर्गात शिकवलेलं होतं. जिथे आहात तिथे खाली बसा. मी बसले. शाल गुंडाळून घेतली. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण दगड खाली घट्ट होता आणि धुकं केव्हातरी जाणार हे मला माहीत होतं.

तेवढ्यात तुमचा आवाज आला.

"नीला!"

लांबून आला. मला वाटलं, तंबूपाशी उभं राहून हाक मारताय.

"मी बसलेय! तुम्ही येऊ नका!"

"काय?"

"येऊ नका!"

"येतोय!"

दुसरी हाक जवळून आली. तिसरी आणखी जवळून, पण उजवीकडून. धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही, हेही मी शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणी मला ते माहीत नसतं तर फार बरं झालं असतं. स्टुलावर न चढणारा माणूस डोळ्यांपुढे हात दिसत नसताना कड्याच्या दिशेने चालत येत होता. मी गप्प राहिले तर तुम्ही कुठेही जाल. मी बोलले तर तुम्ही माझ्याकडे याल, आणि मी होते अगदी काठावर. उठून तुमच्याकडे यावं तर मला तरी काय दिसत होतं?

"बसा!" मी ओरडले. "खाली बसा आणि बसूनच सरका! एकदम उभे राहू नका!"

"बसलो! तू बोलत राहा!"

"काय बोलू?"

"नद्या म्हण! तुला नद्या येतात!"

आणि मी नद्या म्हणायला लागले. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा, घोड, कुकडी. मीना, पुष्पावती, वेळ, नीरा, कऱ्हा. अंधाऱ्या वर्गात पाढे म्हणावेत तसा माझा आवाज त्या पांढऱ्यात जात होता आणि कुठेच आदळत नव्हता. गवत घासल्याचा आवाज येत होता, कधी या बाजूने, कधी त्या. मी पुन्हा घोडपासून सुरू केलं.

"कुकडी झाली!" धुक्यातून तुम्ही म्हणालात. "एकदा म्हणालीस ती!"

त्या परिस्थितीत चूक काढणारे तुम्ही एकटेच. मला हसू आलं आणि हुंदकाही आला, आणि नेमकं तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्याला लागला. डावीकडून. जिकडून यायला नको होता, तिकडून.

आपण बसून राहिलो. तुमचे कपडे दवाने चिंब भिजले होते, पाय अनवाणी होते, दोन्ही तळव्यांना पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. शाल मी अर्धी तुमच्या अंगावर टाकली. आपण दोघं ढगाच्या आत बसलो होतो, आणि खरं सांगू का, मला तेव्हा वाटलं, की हे धुकं आता गेलं नाही तरी चालेल. जगात दुसरं काही उरलेलं नव्हतं. तुमच्या श्वासाचा आवाज आणि कुठेतरी खूप खाली पाणी.

मग धुकं विरळ झालं. आधी समोरच्या भिंतीचा माथा दिसला, कशावरही न टेकलेला, बेटासारखा. मग त्याच्या खालचा थर, मग त्याच्या खालचा. मग धबधब्याची एक बारीक दोरी, उन्हात चमकणारी. मग दरी पूर्ण उघडली, अगदी आपल्या पायांपुढे. मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही डोळे मिटले असतील तर मला ते कळायला नको होतं. पण जरा वेळाने तुम्ही बोललात.

"बरं आहे," तुम्ही म्हणालात.

पुण्याच्या माणसाने दरीला याहून जास्त काय म्हणायचं?

आणि मग मी डावीकडे बघितलं. तुम्हीही बघितलंत. तुम्ही ज्या वाटेने सरकत आलात, त्या वाटेवरची सोनकी दबून आडवी झाली होती. पिवळ्या माळावर एक ओली, हिरवट रेघ. ती झाडापासून निघाली होती, मग भरकटली होती, आणि शेवटचा सगळा पट्टा कड्याच्या कडेकडेने आला होता. एके ठिकाणी तर रेघ आणि हवा यांच्यात फुलांची एकच ओळ होती.

तुमची माझ्या दंडावरची पकड घट्ट झाली. म्हणून मला माहीत आहे, की तुम्ही ती पाहिलीत.

पारूबाई धावत आल्या, तुम्हाला वाट दाखवत झाडापर्यंत नेलं. तुम्ही रांगतच गेलात, आणि झाडापाशी पोचल्यावर उभे राहून पँट झटकलीत, जणू दुकानाची पायरी उतरला होतात.

नंतर कित्येक वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत राहिलात, "हिला मी कड्यावरून परत आणली." मी म्हणायचे, "मी नियमाप्रमाणे बसले होते. पर्यटन तुमचं चाललं होतं. मी नद्या म्हटल्या नसत्या तर तुम्ही कोकणात उतरला असतात." तुम्ही म्हणायचात, "मी आलो नसतो तर तू अजून तिथेच बसलेली असतीस." मुक्ता म्हणायची, "तुम्ही दोघं प्लीज एकच व्हर्जन फायनल करा, मला पाहुण्यांना सांगताना कन्फ्यूजन होतं." कोणी कोणाला वाचवलं याचा निकाल लागला नाही. प्रत्येक दिवाळीत, फराळाच्या ताटापाशी, तो खटला पुन्हा उभा राहायचा.

पण त्या दबलेल्या फुलांबद्दल आपण कोणाला सांगितलं नाही. एकमेकांनाही नाही. तेवढा भाग दोघांनीही गोष्टीतून गाळला. मला वाटायचं, केव्हातरी बोलू. आता वाटतं, त्यावर बोलण्यासारखं तरी काय होतं? पण तुम्हाला एकदा विचारायचं होतं, की धुक्यात सरकताना तुम्हाला काय वाटत होतं. दिसत नव्हतं म्हणून भीती नव्हती, की दिसत नसतानाही होती? मी विचारलं नाही. त्यानंतर तुम्ही कड्यावर कधी आला नाहीत, आणि मीही कधी या म्हटलं नाही.

त्या बुधवारी दुपारी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला. एक आजीबाई चष्म्याची काडी बसवायला आल्या होत्या. तुम्ही त्यांच्याशी बोलत होता. मग तुम्ही पुढे वाकलात. त्यांना वाटलं, स्क्रू खाली पडलाय, तो शोधताय. त्या थांबून राहिल्या. बिचाऱ्या नंतर मला भेटायला आल्या आणि रडल्या. "मी हाक तरी मारायला हवी होती हो," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, तुम्ही काहीच चुकला नाहीत. त्यांचा चष्मा मी दुसऱ्याकडून नीट करून दिला.

पुढच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. सगळे म्हणत होते धीर धरा, आणि तो नेमका कुठे धरायचा हे कोणी सांगत नव्हतं. मुक्ताने सगळं केलं. दाखले, फोन, दहावं, तेरावं, कोणाला किती चहा, कोण कुठे झोपणार. ऑफिसातल्यासारखी फोन कानाला लावून या खोलीतून त्या खोलीत फिरायची. ती रडली नाही. मी रडताना मला पाणी आणून द्यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि पुन्हा फोन घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, बस जरा." "बसते गं. एवढं संपू दे," म्हणाली. ते संपतच नव्हतं.

मग थंडी सरत आली. आपली जायची वेळ. मी जाणार नव्हते. मुक्तानेच गाडी काढली. "आई, पारूबाईंना कळवायला हवं ना? तिथे रेंज नाही. जाऊनच सांगू." घाटात दरी डाव्या हाताला आली तेव्हा तिने गाडीचा वेग कमी केला, मग तिला जाणवलं की थांबायचं काही कारण नाही, आणि ती तशीच पुढे निघाली.

पारूबाईंना माझ्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं. टिकली मी लावलेलीच होती, लावतेच. तरी कळलं. त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग आत जाऊन एक खुर्ची घेऊन आल्या, ती तंबूच्या पुढे एका ठरावीक जागी ठेवली, जरा तिरकी केली, आणि म्हणाल्या, "बसा काकी. काका हितंच बसायचे."

मुक्ता कड्याकडे गेली. मी बसले.

माझा इतकी वर्षं समज होता, की मी कड्यावर गेल्यावर तुम्ही दरीकडे पाठ करून बसत असाल, मुक्ताच्या घरी खिडकीकडे करायचात तशी. त्या खुर्चीतून दरी दिसत नाही, ते खरंच. पण माळ दिसतो आणि माळाच्या टोकाचा तो खडक दिसतो, आणि त्या खडकावर कोणी बसलं असेल तर त्याची पाठ दिसते. एवढंच दिसतं. अहो, तुम्ही दरीकडे पाठ करत नव्हता. मी दरी बघत असायचे तेव्हा तुम्ही तिथून मला बघत असायचात. मी उठले की चहा टाकायचात. म्हणून तर मी येईपर्यंत तो उकळलेला असायचा. मला आपलं वाटायचं, चहाला योगायोगानेच आधण येतंय.

माळ या दिवसांत सुकलेला असतो, सोनेरी. वारा आला की सगळा एका बाजूला झुकतो आणि पुन्हा उठतो. पारूबाई माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ काडीने माती उकरत राहिल्या.

"त्या धुक्याच्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी काकांना म्हनलं व्हतं, नगा जाऊ. धुकं काय, आलं तसं जाईल. काकी शान्या हायेत, बसल्या असतील एका जागी."

"मग?"

"तर काका म्हनले, बसलीच असेल हो, मला माहीत आहे. पण एकटी बसली असेल ना." पारूबाईंनी तुमचं वाक्य तुमच्याच बोलीत म्हटलं, एक अक्षर न बदलता. "आन चपला काढून निघाले की. मी लुगड्याचा पदर खवंस्तवर दिसंनासे झाले."

म्हणजे तुम्ही मला वाचवायला आलाच नव्हता. मी सुरक्षित आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. आपला दिवाळीचा खटला दोघांनीही खोट्यावर चालवला, आणि तुम्हाला ते माहीत असताना तुम्ही मला चालवू दिलात. गिऱ्हाइकांसमोर शूर झालात, पण हे सांगितलं नाहीत. हे सांगायला लाज वाटली असेल. पुण्याच्या माणसाला वाटतेच.

मी माळाकडे बघितलं. मुक्ता खडकावर बसली होती, गुडघे जवळ घेऊन. फोन तिच्या हातात नव्हता. तिथे तो चालतही नाही. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच असं रिकाम्या हातांनी बसलेलं बघत होते. तिची पाठ सरळ होती. मग ती सरळ राहिली नाही.

मी उठले. पारूबाई म्हणाल्या, "काकी, येतील की त्या." मी म्हटलं, "येईल. मला माहीत आहे." आणि गेले.

माझी चाहूल लागली तशी तिने घाईघाईने डोळे पुसले. मागे वळून न बघताच म्हणाली, "आई, मी येतच होते ना. तू कशाला आलीस उगाच?"

"अशीच," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले.

मग ती रडली. अहो, पुष्कळ वेळ रडली. मी तिला गप्प केलं नाही, काही समजावलंही नाही. समोरच्या भिंतीची सावली दरीतून वर आमच्याकडे चढत होती, पाकोळ्या खाली फिरत होत्या, आणि आम्ही दोघी तिथे बसलो होतो.